तुमचे प्रश्न, आमचं गाव : मिरज

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागे तीनच कारणं दिसतात : गाडी बदलायची आहे, पेशंटला न्यायचं आहे किंवा तंबोरा घ्यायचा आहे. मिरजेला माणूस कामानं येतो आणि काम झालं की पुढची गाडी धरतो. म्हणून काम नीट कसं होईल ते आधी सांगितलं आहे, आणि त्याच फेरीत गाव कसं बघता येईल ते त्याला जोडून.

प्रश्न : कोल्हापूरहून सकाळी मिरजेला उतरून संध्याकाळी पंढरपूरकडे जाणारी गाडी धरायची आहे. मध्ये पाच तास मोकळे आहेत. सोबत सासूबाई आहेत, फार चालता येत नाही. स्टेशनातच थांबावं का?
— एक वाचक, बोरिवली

पाच तास स्टेशनात काढू नका. सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं. साखळी तुटलेली किंवा नुसती दोरी बांधलेली बॅग घेत नाहीत, म्हणून एक छोटं कुलूप घरूनच आणा.

बाहेर रिक्षा करून आधी मीरासाहेबांच्या दर्ग्याला जा. दर्गा गावाच्या मध्यात आहे. हजरत ख्वाजा शमना मीरा यांचा हा दर्गा. आत जाताना डोक्यावर पदर किंवा रुमाल हवा. याच आवारात किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. गाव सोडून ते इथे स्थायिक झाले, १९३७ मध्ये मद्रासजवळ प्रवासात वारले, आणि दफन झालं ते मिरजेत. कबर साधी आहे, शोधावी लागते. आवारातल्या कुणालाही विचारलं तरी दाखवतात.

तिथून सतारमेकर गल्लीत जा. विकत काही घ्यायचं नसलं तरी चालतं. उंबऱ्याशी उभं राहून ‘जरा बघू का?’ एवढं विचारा. कारागीर बसल्या जागेवरून मान हलवतो आणि काम चालू ठेवतो. सासूबाईंना बसायला पाटही मिळेल. जेवणाची वेळ मात्र टाळा. गाडीच्या पाऊण तास आधी परत या आणि प्लॅटफॉर्म पुन्हा विचारा, कारण इथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांना गाड्या सुटतात. आणखी एक सूचना पुण्याच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी : सांगली हे वेगळं स्टेशन आहे आणि ते मिरजेच्या आधी लागतं. ‘सांगली-मिरज’ असं जोडून ऐकायची सवय असलेली माणसं तिथेच उतरतात.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, तीन वर्षं शास्त्रीय गाणं शिकते. तिला मिरजेचा तंबोरा घ्यायचा ठरवलं आहे. आम्हा दोघांनाही गाण्यातलं काही कळत नाही. फसगत होऊ नये म्हणून काय बघावं? एका दिवसात घेऊन परत येता येईल का?
— एक वाचक, नाशिक

एका दिवसात तयार तंबोरा घेता येईल, पण आमचा सल्ला दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत ठरवायचा, दुसऱ्या फेरीत आणायचा. मधला काळ कारागिराला द्या.

येण्याआधी मुलीच्या गुरूंना विचारा की तिची पट्टी कोणती, म्हणजे ती कोणत्या सुराला सा धरून गाते. तंबोरा पट्टीवरून ठरतो, मुलीच्या उंचीवरून नाही. बायकी तंबोरा साधारण पांढरी चार ते काळी पाच या पट्ट्यांसाठी करतात (ही नावं पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून आली आहेत). पुरुषी तंबोरा काळी एकच्या आसपास लागतो, त्याचा भोपळा मोठा आणि दांडी लांब. बायकी तंबोऱ्याच्या तारा फार खाली उतरवल्या तर त्या ढिल्या पडून फडफडतात. पुरुषी तंबोरा वर चढवला तर तारा तुटतात आणि तबलीवर नको इतका ताण येतो. ‘मोठा घेतला की पुढे उपयोगी पडेल’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला लागू आहे, तंबोऱ्याला नाही. या वयात पट्टी थोडी खाली येऊ शकते. गुरूंना तसं वाटत असेल तर कारागिराला सांगा. तो तारांची जाडी त्याप्रमाणे निवडतो.

आता वाद्य. खाली भोपळा, त्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची पातळ, किंचित फुगीर तबली, भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा, वर पोकळ दांडी, तिच्या टोकाला चार खुंट्या, आणि तबलीवर मधोमध घोडी, जिच्यावरून तारा जातात. लाकूड तुणीचं असतं, वजनाला हलकं आणि तांबूस. भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा असतो आणि पंढरपूरच्या बाजूला मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. वाळल्यावर तोंड कापतात, पाण्यात भिजत घालतात, मऊ झाला की आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आणि कडा आकसू नये म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. हे वाळवणं घाईत उरकलं तर पुढे भोपळा आकसतो आणि तबलीचा सांधा सुटतो. वर्षा-दीड वर्षानं ‘आवाज बसला’ म्हणून जी वाद्यं परत येतात त्यांतल्या बऱ्याच वाद्यांत दोष इथे असतो.

दुकानात गेल्यावर आधी नक्षीकडे बघू नका. वाद्यावर जडवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरचं कोरीव काम सुंदर असतं, त्याला मेहनतही भरपूर लागते, पण त्यानं सूर वाढत नाही. पैसे मोजके असतील तर साधं वाद्य सांगा आणि चांगला भोपळा मागा. तंबोरा आडवा धरून, एक डोळा मिटून दांडीवरून सरळ नजर टाका. दांडीला बाक दिसला तर ते वाद्य बाजूला ठेवा. गळ्याच्या सांध्यावरून नख फिरवा, कुठे अडकता कामा नये. भोपळ्यावर बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी टिचक्या मारा, आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी बद्द वाजलं तर तिथे भेग बुजवलेली असू शकते. खुंटी फिरवताना ती गचके न देता फिरली पाहिजे आणि सोडली तिथे थांबली पाहिजे.

मग तंबोरा लावून द्यायला सांगा आणि निदान दहा मिनिटं ऐका. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची पितळी तार खर्जाची. एकेक तार छेडून ती किती वेळ गुंजते ते बघा. तीन तारा लांबवर गुंजतात आणि एक लवकर विझते असं झालं, तर घोडीवर त्या तारेखालची जवारी, म्हणजे तिथे घासून दिलेला उतार, नीट झालेली नाही. हे ओळखायला गाणं येण्याची गरज नाही, कान देऊन ऐकणं पुरे.

जवारीबद्दल थोडं सविस्तर, कारण मिरजेचं नाव आहे ते या हाताच्या कामामुळे. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला फार सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावरून निघताना थरथरत पृष्ठभागाला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि त्यातून तो भरलेला, झणकारता नाद येतो. कारागीर बारीक कानशीचे दोन-तीन हात मारतो, भुकटी फुंकतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरपी करून ऐकतो, तार पुन्हा उतरवतो. हे असं तास दोन तास चालतं. एक हात जास्त पडला की उतार बिघडतो आणि सगळं पृष्ठ पुन्हा खाली घ्यावं लागतं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. धागा हळूहळू पुढे-मागे करताना एका जागी आवाज फुलासारखा उमलतो, तीच त्या तारेची जागा. मुलीला तिथेच बसवून चारही तारांचं सूत स्वतःच्या हातानं लावायला सांगा. कारागीर आनंदानं शिकवतात. धागा कुठेही नेला तरी नाद उघडत नसेल तर वाद्य घेऊ नका, जवारी पुन्हा करून मागा. त्याचा राग कुणाला येत नाही.

वापरानं घोडीवर तारांचे चरे पडतात आणि जवारी बंद होत जाते. रोज रियाज असेल तर वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा काढून घ्यावी लागते. घरी पॉलिश पेपरनं घासायच्या फंदात कुणी पडू नये. पेपर चरे घालवतो, त्याबरोबर उतारही घालवतो.

श्रावण-भाद्रपदात वाद्य ताब्यात घेणं टाळता आलं तर टाळा. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं आणि लाकूड फुगलेलं असल्यानं खुंट्यांचा खरा अंदाज येत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली.

नेताना तारा दीड-दोन सूर उतरवा, पण पूर्ण सोडू नका. तारांच्या दाबावरच घोडी जागेवर राहते. तरीही तिच्या कडेनं तबलीवर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. कापडी गवसणी घरातल्या धुळीसाठी आहे, प्रवासासाठी फायबरची पेटी घ्या. रेल्वेत तंबोरा पार्सलला देऊ नका. तो बर्थवर आपल्याशेजारी निजवायचा, भोपळा भिंतीकडे, दांडी पायाकडे. घरी आल्यावर एक दिवस हवा लागू द्या, मग सुरात चढवा. खुंटी घसरत असेल तर ती बाहेर ओढून तिच्या निमुळत्या भागाला साधा खडू लावा. तेल कधीही लावू नका.

मोबाइलवरचा तंबोरा रोजच्या रियाजाला चालतो, त्यात कमीपणा नाही. पण खुंटी पिळून, तारेत ओवलेला मणी सरकवून दोन जोडाच्या तारा एक होईपर्यंत ऐकत राहणं यातून कान जो तयार होतो, तो बटण दाबून होत नाही. बाराव्या वर्षी हे सुरू करताय, फार चांगलं करताय.

मिरजेत हे काम का, असंही तुम्ही विचारलं आहे. इथली शिकलगार मंडळी हत्यारांना धार लावण्याचं आणि शस्त्रं दुरुस्त करण्याचं काम करत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचं काम संपत आलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यदुरुस्तीला हात घातला. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवई येत, त्यांची वाद्यं इथेच दुरुस्तीला येत. दुरुस्तीतून नवीन वाद्यं घडू लागली आणि घराण्यांची आडनावंच सतारमेकर झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खरेदी करताना त्याबद्दल जरूर विचारा, आणि पावतीवर वाद्याचा प्रकार आणि पट्टी लिहून घ्या.

प्रश्न : मिरजेहून आणलेला तंबोरा दोन हिवाळे उत्तम होता. या हिवाळ्यात तबलीला दांडीच्या दिशेनं केसासारखी चीर गेली आहे आणि खुंट्या आपोआप सुटतात. वाद्य वाईट निघालं का?
— एक वाचक, टोरोंटो

वाद्य वाईट नाही, हवा कोरडी आहे. तुमच्याकडे हिवाळ्यात घर सतत गरम ठेवावं लागतं आणि त्यानं घरातल्या हवेतली ओल नाहीशी होते. लाकूड आकसतं. तबली कडेनं चिकटवलेली असल्यानं तिला आकसायला जागा नसते, म्हणून ती लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं फाटते. खुंट्याही बारीक होतात आणि भोकात सैल पडतात.

आधी तारा उतरवा. खोलीत ओल देणारं यंत्र लावा आणि आर्द्रता मोजायचा छोटा मीटर शेजारी ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. गरम हवेच्या झडपेजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून वाद्य ठेवू नका. पंधरा दिवसांत चीर बरीचशी मिटेल. मिटली तरी ती गेलेली नाही, आतून लाकडाची पट्टी लावून सांधावी लागेल. गिटार किंवा व्हायोलिन दुरुस्त करणारा जाणकार हे करू शकतो, पण त्याला घोडीला हात लावू नका असं बजावून सांगा. पुन्हा मागवणार असाल तर परदेशी पाठवायचं आहे हे कारागिराला आधी सांगा. जास्त मुरलेलं लाकूड निवडता येतं.

प्रश्न : मिरजेत गाणं ऐकायला यायचं तर कधी यावं?
— एक वाचक, नागपूर

दोन वेळा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संध्याकाळी संगीत महोत्सव असतो. आणि मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, ती रात्रभर चालते. खाँसाहेब इथल्या चिंचेच्या झाडाखाली बसून गात, आणि दुखण्यातून उठल्यावर त्यांनी ही सेवा सुरू केली, असं सांगतात. उरुसाची तारीख चांद्र महिन्यावर असल्यानं दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर रिझर्वेशन करू नका. या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. तो मान पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे.

गारठा असेल तर शाल आणि पाण्याची बाटली घेऊन या, खाली बसावं लागतं. पुढे बसायचं असेल तर लवकर पोचा, पण ऐकायला मागची बाजू वाईट नाही.

गाण्याच्या मंडळींना गावाच्या आणखी काही आठवणी भावतील. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याजवळ इथेच शिकले. १९३१ मध्ये पलुस्कर वारले तेही मिरजेत. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, १९०५ चा. आणि नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत पहिल्यांदा चेहऱ्याला रंग लावला तो मिरजेच्या हंसप्रभा थिएटरात. त्या जागी आता बालगंधर्व नाट्यगृह आहे.

प्रश्न : वडिलांना उपचारासाठी मिरजेला न्यायला सांगितलं आहे. आम्ही सीमाभागातले, तालुका अथणी. महाराष्ट्राची आरोग्य योजना आम्हाला लागू होईल का? काय तयारी करावी?
— एक वाचक, बेळगाव जिल्हा

मिरजेची वैद्यकीय ओळख १८९४ पासूनची. त्या वर्षी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, आणि पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्यामुळे निम्म्या कर्नाटकाला मिरजेची वाट पाठ आहे. दवाखान्यांत कन्नड समजणारं कुणी ना कुणी असतंच, वडील कन्नडच बोलत असतील तरी काळजी करू नका.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांनाही ती लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे तालुका नव्हे, तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे बघायचं. यादीत असेल तर कोणता दाखला लागेल ते निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पुढची गोष्ट सगळ्यांसाठी. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही. तुम्हाला हवा तो उपचार त्या रुग्णालयात योजनेखाली होतो का, हे वेगळं विचारावं लागतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. वडिलांना दाखल करण्याआधी घरातल्या एकानं कागद घेऊन त्याला गाठावं. मूळ रेशनकार्ड, आधार आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं असेल तर मंजुरी तिथेच अडते. ही अडचण सर्वांत जास्त येते आणि ती घरी असतानाच सुटू शकते. योजनेत बसतो असं सांगितल्यावर कुणी आगाऊ रक्कम मागितली तर आधी आरोग्यमित्राला विचारा, पावतीशिवाय काही देऊ नका.

जुने रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलीत ठेवा. चालू गोळ्या चिठ्ठीवर लिहून आणण्याऐवजी पाकिटंच आणा. मुक्कामाची खोली रुग्णालयापासून पायी अंतरावर घ्या, रात्री औषध आणायला जावं लागतं. सकाळी लवकर पोचा, म्हणजे तपासण्यांचे रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवता येतात.

प्रश्न : बदली होऊन मिरजेला येत आहोत. पुराच्या बातम्या वाचून घर कुठे घ्यावं कळत नाही.
— एक वाचक, अमरावती

भीती रास्त आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांत कृष्णेनं फार मोठं नुकसान केलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण मिरज गावाचा मोठा भाग सांगलीपेक्षा उंचावर आहे. त्या दिवसांत सांगलीची कितीतरी कुटुंबं मिरजेला आसऱ्याला आली. मिरजेत धोका आहे तो कृष्णा घाट आणि ढवळीच्या बाजूला.

भाड्यानं घ्या किंवा विकत, महापालिकेत जाऊन त्या गट नंबरावर पूररेषा कुठे आहे ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मग शेजाऱ्यांना विचारा, ‘२०१९ ला पाणी कुठवर होतं?’ भिंतीवर हात ठेवून दाखवतात. एजंटाच्या शब्दापेक्षा हे खरं.

दुसरी गोष्ट माती. इथे काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत पाया न नेलेल्या घरात दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. घर बघायला एप्रिल-मे मध्ये जा, तेव्हा त्या उघड्या असतात. नव्यानं रंग दिलेल्या घरात कपाटामागची भिंत बघा.

राहायला गाव सोपं आहे. सांगली दहा किलोमीटरवर, शहरी बस सतत, महानगरपालिका १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच. अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीला स्वागत कमानी उभ्या राहतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दोन दिवसांत गाडी बाहेर काढायचं काम ठेवू नका.

प्रश्न : २०१६ च्या दुष्काळात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ते कुठून भरत होते?
— एक वाचक, लातूर

पाणी कृष्णेचं. मिरजेत रेल्वेची स्वतःची पाणीयोजना आहे, आणि आदिलशाही काळातल्या हैदरखान विहिरीजवळून यार्डापर्यंत जलवाहिनी टाकून वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, भरल्या. ११ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. वाघिणी तेलाच्या असल्यानं आधी वाफेनं धुऊन घ्याव्या लागल्या. मिरज-लातूर मार्ग पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा होता. तो आधीच रुंद झाला नसता तर ही गाडी अशी थेट गेली नसती.

प्रश्न : मिरजेत मुक्काम ठेवून एका दिवसात आसपास काय बघावं? सोबत आठ-दहा वर्षांची मुलं आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

गाडी करून सकाळी सातला निघा, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर असा क्रम ठेवा आणि येताना हरिपूर करा. उलटा क्रम घेतला तर वाडीला भर दुपारी पोचाल, फरशी तापलेली असते आणि मुलांचे पाय भाजतात.

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे. दत्ताच्या पादुका नदीच्या अगदी काठावर आहेत, पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं आणि उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी चढत उत्तरेकडून गाभाऱ्यात येऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या वेळचं स्नान म्हणजे दक्षिणद्वार. ते अचानक घडतं, त्यासाठी तारीख मागू नका, आणि पाणी वाढत असताना मुलांना घेऊन जाऊ नका. परतताना कवठाची बर्फी घ्या, दुसरीकडे सहसा मिळत नाही. बासुंदी मात्र तिथेच खा, प्रवासात टिकत नाही. थंडीत गेलात तर काठावर विकायला असलेली कृष्णाकाठची वांगी बघा, साल पातळ आणि बी कमी.

खिद्रापूरला दीड तास हवा. कोपेश्वराच्या देवळात समोर नंदी नाही, तो कृष्णेपलीकडे यडूरला आहे असं मानतात. मुलांना आधी स्वर्गमंडपात न्या. छताला मधोमध मोठं गोल उघडं तोंड आहे आणि खाली त्याच मापाची गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायचं. भोवतीच्या बारा खांबांपैकी एकाला हात लावून मुलांना त्यावरचे गोल, चौकोन आणि अष्टकोन मोजायला सांगा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या तोंडावर येतो, तेव्हा गर्दी फार असते. बाहेरच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे, एकेका हत्तीवर वेगळा स्वार. काही ठिकाणी सोंडा तुटलेल्या आहेत, मुलांना त्यांवर चढू देऊ नका. जेवणाचा डबा बरोबर असू द्या, गाव लहान आहे.

हरिपूरला संध्याकाळी पोचा, वारणा कृष्णेला मिळते तिथे संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथे गावकऱ्यांना हळदीच्या पेवांबद्दल विचारा. सांगलीच्या बाजारातली हळद पूर्वी इथल्या जमिनीखालच्या पेवांत साठवत. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत बाटलीसारखं रुंद पोट. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा उरत नाही आणि कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा मारक असते, काही तास उघडं ठेवून मग दिवा सोडून बघतात. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. उरलेल्यांची तोंडं झाकलेली असतात आणि वरून नुसता ओटा दिसतो, म्हणून अंधारात मुलांना तिथे पळू देऊ नका.